दुपारचे दोन चाळीस

खुर्ची मागे सरकवली तसं टिण्णकन काहीतरी फरशीवर पडलं आणि गिरक्या घेत कपाटाखाली गेलं. घर इतकं गप्प होतं की तेवढासा आवाजही तिच्या कानात बसला. ती गुडघ्यांवर बसली, पट्टी घालून कपाटाखालचं सगळं बाहेर ओढलं. क्रेयॉनचा तुकडा, केसांची क्लिप आणि एक बारका स्क्रू. स्क्रू तिने तळहातावर घेतला आणि जेवणात निघालेल्या केसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"नाना," तिने बसल्या जागेवरूनच हाक मारली, "काल माझा कॉम्प्युटर उघडलात का?"

बाहेर खिडकीपाशी सासऱ्यांची चिमट्याची टकटक थांबली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण बोटं काही बंद झाली नव्हती. घरातलं जे जे गप्प बसेल ते ते नाना उघडून बघत.

"उघडला होता की. तूच म्हणालीस ना, पंखा कुरकुरतो, मुलाखतीत आवाज ऐकू जाईल. थेंबभर तेल सोडलं. आणि धूळ किती होती म्हणून सांगू."

"बंद कसा केलात?"

"दिवा विझेपर्यंत बटण दाबून धरलं. चालू यंत्रात हात घालू नये, एवढं कळतं मला."

ती उठून परत खुर्चीत बसली. समोर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ होती. अमुक क्रमांकाची जागा सापडत नाही, असं सांगणारी. क्रमांक हातभर लांब. खाली टिचकी मारल्यासारखी उघडझाप करणारी खूण.

साडेनऊ झाले होते. अकराला जुन्या ऑफिसची मुलाखत, इथूनच, पडद्यावर. चार वर्षांपूर्वी याच ऑफिसात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. रात्री-बेरात्री कुठलं यंत्र आडवं पडलं की तिचा फोन वाजायचा. मग ठकू झाली, आणि सर्व्हरबाईची नुसती ठकूची आई झाली. गेली दोन वर्षं ठकूच्या दुपारच्या झोपांमधून चोरलेल्या तासांत तिने एक प्रोग्राम लिहिला होता. बंद पडलेली यंत्रं लांबून उभी करणारा. आज तो चालवून दाखवायचा होता. दाखवता आला तर खुर्ची तिची, नाही तर बाराला दुसरा कुणी येणार होता. आणि प्रोग्राम होता या डिस्कवर, जी म्हणे सापडत नव्हती. दुसरी प्रत होती, पण तीन महिन्यांपूर्वीची. तेव्हा तो लंगडत होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. का लावला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"रिस्टार्ट करून बघितलंस?" तो म्हणाला.

"वा," ती म्हणाली. "हे सुचलंच नव्हतं मला."

"अगं, चिडतेस काय. नाही तर नानांना दाखव ना, त्यांचा हात हलका आहे."

"त्यांनीच दाखवलाय तो हात," ती म्हणाली आणि फोन पालथा टाकला. बापासारखा मुलगा. एकाला काही कळत नाही आणि उघडून बसतो, दुसऱ्याला काही कळत नाही आणि फोनवरून सांगतो.

नाना दारात येऊन उभे राहिले होते. डोळ्याला अजून भिंग लावलेलंच. त्यांच्या मागून ठकूचं अर्धं तोंड.

"काय म्हणतंय ते?"

"बूटलोडरला डिस्क सापडत नाही म्हणतंय."

"म्हणजे?"

सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण माणूस रागात असला की शिकवायला फार उत्सुक असतो. "बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होतो तो बूटलोडर. एवढासा असतो. डिस्कवरची ठरलेली जागा शोधायची आणि बाकीच्यांना उठवायचं, एवढंच त्याचं काम. जागा क्रमांकाने ओळखतो. ती सापडली नाही तर बसतो तिथेच हातावर हात ठेवून."

"मग वायर सैल राहिली असेल माझ्याकडून. बघू का? दोन मिनिटांत..."

"नाना, घड्याळ नाहीये ते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ज्यातलं कळत नाही त्यात बोटं घालायची नाहीत, हे आपण या घरात साडेतीन वर्षांच्या मुलीला शिकवतो."

नानांनी भिंग डोळ्यावरून काढलं. ते धोतराला नाही, शर्टाला नाही, नुसतंच बोटांनी पुसलं. "बरं," म्हणाले आणि वळले. ठकू क्षणभर तिथेच राहिली, आईकडे बघत. मग तीही गेली.

तिने दोन अक्षरं टाइप केली, की यंत्राला काय काय दिसतंय ते दाखव. पडद्यावर डिस्क आली. तिचे दोन्ही भाग आले. म्हणजे वायर सैल नव्हती. डिस्क ढळढळीत समोर होती आणि तरी सापडत नव्हती.

वायरींची अदलाबदल केली असेल, तिने ठरवलं. घड्याळवाल्याला काय, ही काय नि ती काय.

तिने पेटीची बाजू उघडली. आत असं स्वच्छ तिने कॉम्प्युटर विकत घेतल्या दिवशीही बघितलं नव्हतं. वायरी जिथल्या तिथे, वर पातळ धाग्याने बांधून एका कडेला घेतलेल्या. बाजूच्या झाकणाचे चारही स्क्रू तिने आत्ताच काढून ओळीने ठेवले होते. त्यातला एक नवाकोरा होता. कपाटाखालून निघालेला तो पाचवा, डोकं झिजलेला, नानांनी बदललेला. तिने तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. झाकण परत लावलं.

मग पेनड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून सुरू केलं. आता डिस्क आतून बघता येत होती. दुसरा भाग, ज्यात तिची दोन वर्षं होती, सुखरूप. तिचा जीव भांड्यात पडला. पहिला भाग छोटा, बूटलोडरला लागणाऱ्या फाईलींचा. तो रिकामा होता. नुसता रिकामा नाही, त्याचा क्रमांकही वेगळा होता. कुणीतरी तो पुसून नव्याने तयार केला होता.

तेलाच्या कुपीने आणि स्क्रूड्रायव्हरने हे होत नाही. त्याला पासवर्ड लागतो.

तिने तो भाग कधी तयार झाला ते विचारलं. यंत्राने लगेच सांगितलं. त्याला काही भीडमुर्वत नसते. गेल्या महिन्याची सतरा तारीख, दुपारचे दोन चाळीस.

दुपारी दोन चाळीसला या घरात नाना झोपलेले असतात. ठकू झोपलेली असते. नवरा कामावर असतो.

तिने खण ओढून आपली वही काढली. त्यात ती अर्धी कामं लिहून ठेवायची, कारण तिची सगळीच कामं अर्धी राहत. सतरा तारखेच्या पानावर तिच्याच अक्षरात तीन ओळी होत्या. छोटा भाग पुसून नवा करणे. फाईली परत भरणे. बूटलोडरला नवा क्रमांक देणे. पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण. ती खूण करतानाच पेन घसरून रेघ पानाबाहेर गेली होती. ती रेघ तिला आठवली. ठकू तापातून किंचाळत उठली होती त्या दुपारी, अंग भाजत होतं. तिने झाकून ठेवल्यासारखा कॉम्प्युटर झोपवला होता आणि धावली होती. पुढचे चार दिवस पट्ट्या बदलण्यात गेले. नंतर महिनाभर रोज दुपारी तो झोपेतून उठायचा आणि झोपी जायचा. बंद कधी केलाच नाही, म्हणून बूटलोडरला कधी काही शोधावं लागलंच नाही. काल नानांनी बंद केला. त्यांनी केला नसता, तर उद्या वीज गेली असती तेव्हा झालं असतं.

नाचता येईना, अंगण वाकडं. तिला ही म्हण आठवली आणि तिने ती गिळली.

सव्वादहा झाले होते. विचार करत बसायला वेळ नव्हता, आणि ते एका परीने बरंच होतं. तिची बोटं पळायला लागली. ती चार वर्षांत विसरली नव्हती, याचा तिला अशा वेळीही थोडा गर्व वाटला. फाईली नव्याने भरल्या. जुन्या क्रमांकाच्या जागी नवा लिहिला. बूटलोडर पुन्हा बसवला. वहीत उरलेल्या दोन ओळींपुढे खुणा करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. वही पालथी घालून कीबोर्डखाली सरकवली.

दहा पन्नासला तिने पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं. एक ओळ, दुसरी ओळ, मग ओळींचा धबधबा, आणि ठकूचा फोटो. दोन दात पडल्यासारखी हसणारी, खरं तर दातांना काळं लावलेली. यंत्र पूर्ण चालू झालं होतं आणि तरी काही ऐकू येत नव्हतं. तिने कान पेटीला लावला. पंखा फिरत होता. कुरकूर नव्हती.

"लागला?" नाना दारातच थांबले होते, उंबऱ्याच्या पलीकडे. भिंग नव्हतं, चिमटा नव्हता, हात रिकामे.

"लागला."

"चला. माझ्या जिवाला घोर लागला होता. माझ्यामुळे तुझं उगाच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "यापुढे नाही हात लावणार. वय झालं आता, कळत नाही तेही कळत नाही."

आत्ता. एक वाक्य होतं फक्त. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण केस विंचरायचे होते, प्रोग्राम एकदा चालवून बघायचा होता, आणि सात मिनिटं उरली होती. शिवाय समोरचा माणूस इतका तयार होता माफी मागायला.

"असू दे नाना," ती म्हणाली. "होतं असं. मनावर नका घेऊ."

किती मोठ्या मनाने म्हणाली. नानांचा चेहरा खरंच उजळला. त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे गेले. पाठोपाठ पत्र्याच्या डब्याचा आवाज आला, एकेक अवजार आत ठेवल्याचा, मग झाकणाचा, मग सुतळी ताणून गाठ मारल्याचा.

तिने प्रोग्राम सुरू केला. चालत होता. अगदी छान चालत होता. तिने केसांवरून हात फिरवला, कॅमेऱ्यात स्वतःकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

कुणीतरी तिच्या कोपराला टेकलं. ठकू. एका डोळ्याला नानांचं भिंग लावलेलं, त्यामागे तो डोळा घरभर मोठा झालेला.

"कुठून आणलंस हे? नानांना दे बघू परत."

"त्यांनीच दिलं. म्हणाले, मला नको आता, तू ठेव." ठकू आणखी जवळ आली, भिंगासकट, नाक तिच्या गालाला लागेपर्यंत. "आई, हलू नको, मला बघू दे."

पडद्यावर कॉल वाजायला लागला. तिचं बोट हिरव्या खुणेवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"आई," ठकूने विचारलं, "नानांनी काय बिघडवलं होतं?"