फोटोत मासे येतात

फोटो १. वेळ ११.०४.
चौकटीत : बाई, शिलाई मशीन, कालीमातेचं कॅलेंडर.

"हाथ मशीन पे रखिए. हां. और इधर देखिए," असं म्हणत विवेक टॅब डोळ्यांसमोर धरून दोन पावलं मागे सरकला आणि थेट गल्लीत पोचला. खोली तेवढीच होती.

बाईनं मशीनवर हात ठेवला. अनोळखी माणसाच्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

वृंदा दाराशी स्टुलावर बसली होती. कंपनी सरकारी, त्यामुळे समाजासाठी दरवर्षी काही रक्कम खर्च करणं भाग होतं. कोलकात्याजवळ बजबजला, बंद पडलेल्या तागाच्या गिरणीमागे ही वस्ती. इथल्या नऊ बायकांच्या गटाला शिलाई मशीनसाठी प्रत्येकी बारा हजार दिले होते. ते मशीनवरच गेले का, हे वृंदानं पाहायचं होतं. घरोघरी जायचं, बाई आणि मशीन यांचा एकत्र फोटो काढायचा, टॅबवरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. 'रक्कम ठरलेल्या कामासाठी वापरली काय? हो / नाही.' नऊही 'हो' आले की कापडासाठीचा दुसरा हप्ता दुर्गापूजेच्या आधी जमा होणार. एक जरी 'नाही' आला तर ती चूक दुरुस्त झाल्याचा फोटो येईपर्यंत नऊजणींचा हप्ता अडकणार.

पूजेला तीन आठवडे होते.

एकतीस वर्षांच्या नोकरीत वृंदानं असे किती चौकोन भरले होते कोण जाणे. मार्चमध्ये तिचा नवरा चारुदत्त गेला त्याच्या अठराव्या दिवशी ती कामावर हजर झाली. तेव्हापासून काम उलट चोख होत होतं. मधे काही येतच नव्हतं.

तिनं 'हो' दाबलं.

फोटो २. वेळ ११.२०.
चौकटीत : बाई, शिलाई मशीन, लोखंडी कपाटाचं अर्धं दार.

काही विशेष नाही.

फोटो ३. वेळ ११.४१.
चौकटीत : बाई, शिलाई मशीन, मशीनच्या फळीच्या कोपऱ्याला निळी चिकटपट्टी.

निळी चिकटपट्टी वृंदानं आधी पाहिली होती. दुसऱ्या फोटोत. पहिल्यातही. चाकावर विश्वकर्मा पूजेचा शेंदूर होता, त्याचा ओघळही तसाच, डावीकडे गेलेला.

बाहेर पडल्यावर विवेक तिच्या बरोबरीनं चालायला लागला. विवेक नागपूरचा, बदलीवर आलेला, बायकोमुलं तिकडेच. गटाची प्रमुख मीनाक्षी पुढे पुढे वाट दाखवत होती. जरा जास्तच लांबची वाट.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोला."

"हे मशीन आपल्या आधी पोचून राहिलं पुढच्या घरी."

"पायमशीन आहे ना ते."

विवेकला हसू फुटलं. वृंदा हसली नव्हती, हे त्याला थोडं उशिरा कळलं.

"नाही पण खरंच. पहिलीकडचा मोबाइल पाहिला ना? माझ्यापेक्षा भारी. आणि आता त्या दारात इलिश साफ करणं चाललं होतं, चांगला हाताएवढा. भाव काय आहे माहीत आहे का इलिशचा? मी नाही घेऊ शकत."

"तुम्ही मासे खाता कुठे?"

"तो मुद्दा नाही ना मॅडम."

समोरच्या बोळातून दोन बायका काहीतरी जड, चादरीत गुंडाळलेलं घेऊन झपाझप गेल्या. चादरीखालून लोखंडी पाय दिसत होते. वृंदा खाली वाकली आणि चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावत बसली. उठली तेव्हा बोळ रिकामा होता.

"मीनाक्षी," ती म्हणाली, "पानी मिलेगा?"

"हां दीदी, बैठिए ना, पाँच मिनट," मीनाक्षीचा चेहरा एकदम मोकळा झाला.

फोटो ४, ५, ६, ७, ८.
चौकटीत : बाई, शिलाई मशीन. बाई, शिलाई मशीन. बाई (हसताना), शिलाई मशीन. बाई, शिलाई मशीन. बाई, कडेवरचं मूल, शिलाई मशीन.

सहाव्या घरी निळी चिकटपट्टी कुणीतरी काढून टाकली होती. चिकटा तेवढा राहिला होता. पाचही वेळा 'हो'.

फोटो ९. वेळ १.३५.
चौकटीत :

इथे घोळ झाला.

सुचित्रा या नावाची बाई, पस्तिशीची, खांद्यांनी किरकोळ. सकाळच्या लोकलनं बालीगंजला जाऊन चार घरची धुणीभांडी करणारी. आज तपासणीसाठी तिनं खाडा केला होता. तिच्या खोलीत एक पलंग होता, चारही पायांखाली चार-चार विटा घालून उंच केलेला. खाली भांडी, तांदळाचा डबा, गुंडाळलेली एक गादी. वर घडी केलेली दुसरी. पलंग आणि भिंत यांच्यात जी जागा उरली होती तिथे लाल काठाच्या साडीनं झाकलेलं काहीतरी उभं होतं, कमरेएवढं. साडीतून उजेड येत होता. आत बुडबुड चालली होती.

"ये क्या है?" विवेकनं विचारलं.

"ठाकुर," सुचित्रा म्हणाली.

ठाकुर म्हणजे देव. विवेकनं सवयीनं हात जोडले.

मशीन मागच्या दारातून आलं, पण मावेना. आडवं धरलं तर पलंगाला अडकायचं, उभं धरलं तर बाई कुठे उभी राहणार? मीनाक्षी बंगालीत काहीतरी करवादली आणि तिनं स्वतःच ते ठाकुराच्या पुढ्यात रेटलं. चाकात साडीचा काठ अडकला. चाक अर्धं फिरलं आणि साडी सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, खाली आली.

काचेची मोठी टाकी. तळाला पांढरी वाळू, वर निळसर दिवा, कोपऱ्यात हवेच्या बुडबुड्यांची एक रेघ. सात-आठ नारिंगी मासे एकदम वळले आणि पुन्हा शांतपणे फिरायला लागले.

विवेक टॅब डोळ्यांसमोर धरून तसाच उभा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "फोटोत मासे येतात."

"कितने का है?" वृंदानं विचारलं.

सुचित्रा खाली पाहत राहिली. उत्तर मीनाक्षीनं दिलं. "सब, दीदी. पूरा बारह हजार. हम लोग कितना समझाया. पागल है ये."

"किस लिए लिया?"

"देखने के लिए," सुचित्रा म्हणाली.

"मतलब, बेचने के लिए? मछली का धंधा?"

"नहीं दीदी. देखने के लिए."

वृंदानं विवेकच्या हातून टॅब घेतला. समोर शेऱ्याचा चौकोन होता, दीडशे अक्षरांचा. त्यात भरण्याजोगं काहीतरी ती शोधत होती. एकेक कारण ती सुचित्रापुढे ठेवत गेली. मुलांसाठी घेतलं का? मुलगा एकच होता, तो केरळात, बांधकामावर. डॉक्टरनं सांगितलं का? नाही. कुणा आजाऱ्याचं मन रमावं म्हणून? नवऱ्यासाठी? नवरा म्हणतो, वास येतो.

"मेरे लिए, दीदी." आपण सांगतोय ते हिला कळत कसं नाही, अशा नजरेनं सुचित्रानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "जिधर काम करती हूँ, एक घर में है. उसका काँच मैं साफ करती हूँ. सात साल. थोड़ा खड़ा होके देखने से भाभी बोलती है, हाथ चलाओ. तो इधर ले लिया. शाम को आती हूँ, बत्ती जलाती हूँ, बैठती हूँ. कोई कुछ नहीं बोलता."

विवेक मराठीत म्हणाला, "निदान पंखा घेतला असता तर समजून घेतलं असतं मॅडम. त्या मोबाइलवालीचंसुद्धा समजू शकतो. मोबाइल लागतो. हे म्हणजे..." त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी त्याला फसवलंय आणि कसं ते सांगता येत नाही, असं काहीतरी होतं.

दारात बाकीच्या आठजणी जमल्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण हप्ता कळत होता. एकीनं बंगालीत सुचित्राला काहीतरी सुनावलं. त्यात 'पूजो' हा शब्द तीनदा आला. कडेवर मूल घेतलेली बाई रडायच्या बेतात होती.

मीनाक्षीनं साडी उचलली आणि टाकीवर टाकली. "हो गया दीदी. ठाकुर है. फोटो लीजिए ना."

सोपं होतं. आठ वेळा केलं होतं तेच नवव्यांदा करायचं. चौकटीत बाई, चौकटीत मशीन. वृंदानं साडीकडे पाहिलं. साडीआड उजेड होता आणि उजेडात काहीतरी हललं. न बघण्याची तिला सवय होती. बघून झाल्यावर न बघितल्यासारखं लिहायची नव्हती. इतकंच झालं. त्यात काही तत्त्व वगैरे होतं असं तिला तेव्हाही वाटलं नाही आणि नंतरही नाही.

तिनं 'नाही' दाबलं. शेऱ्यात लिहिलं : 'मत्स्यटाकी. वैयक्तिक वापर. दुरुस्ती आवश्यक.' अजून बरीच अक्षरं शिल्लक होती.

"क्या लिखा?" सुचित्रानं विचारलं.

"तीस दिन में मशीन लेके फोटो भेजना है. फिर सबका पैसा आएगा."

"बेच दूँगी," सुचित्रा लगेच म्हणाली. तिनं खाली वाकून चाकातून काठ सोडवून घेतला, साडी झटकली आणि तिची घडी घालायला लागली. घडी नीट होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

न काढलेला फोटो. वेळ संध्याकाळ. बालीगंज, कंपनीचा फ्लॅट, चौथा मजला.
चौकटीत असतं ते : खोके.

चारुदत्त गेल्यापासून वृंदा ऑनलाइन मागवत होती. पाय चोळायचं यंत्र. ज्यूसर. सहा चादरी. चिनी मातीच्या कुंड्या. एक टेबललॅम्प, मग अजून एक टेबललॅम्प. दाराची बेल वाजायची, मुलगा खोका द्यायचा, ती सही करायची, खोका भिंतीला लागायचा. उघडलेला त्यांतला एकही नव्हता. आता दोन रांगा झाल्या होत्या, जेवायच्या टेबलाएवढ्या उंच. फरशी पुसायला येणारी बाई रोज त्यांना वळसा घालून पुसायची. तीही कुठल्यातरी लोकलनंच येत असणार. कुठून, ते वृंदानं विचारलं नव्हतं. आणि हे सगळं कशासाठी, ते त्या बाईनं वृंदाला विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दीडशे अक्षरांत तरी काय सांगणार होती? बघण्यासाठी, असंही म्हणता आलं नसतं.

वृंदानं दिवा लावला आणि खोक्यांसमोर बसली. थोडा वेळ बसून राहिली. मग उठून भात लावला.

फोटो ९ (दुरुस्त). सतरा दिवसांनी. प्रेषक : मीनाक्षी.
चौकटीत : बाई, शिलाई मशीन.

"आला बघा मॅडम," विवेकनं टॅब तिच्या टेबलावर ठेवला. बाहेर मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं आणि अर्धं ऑफिस सुट्टीच्या मूडमध्ये होतं. "विकली म्हणे टाकी. अर्ध्याहून कमी आले, वरचे गटानं घातले. चला, बरं झालं. निदान कामाची वस्तू आली घरात." मग म्हणाला, "माशांचं काय झालं, विचारायला पाहिजे होतं ना?"

"त्याला रकाना नाही," वृंदा म्हणाली.

तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. मशीन नवं होतं, फळीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत ते आता नेमकं बसलं होतं. सुचित्राचा हात मशीनवर, सांगितल्यासारखा. मान ताठ. बाकीच्या आठजणींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. तीही पाहत होती, अगदी सरळ.

मागे भिंतीवर टाकीच्या उंचीला ओलीची एक सरळ रेघ उमटली होती. रेघेच्या वर विजेचा बोर्ड. त्यात काही खोचलेलं नव्हतं. पायमशीनला वीज लागत नाही. पण बटण कुणी बंद केलं नव्हतं, आणि त्याचा बारका लाल दिवा फोटोत आला होता.

'फोटो स्पष्ट आहे काय?' टॅबनं विचारलं.

वृंदानं 'हो' दाबलं.