गणिताच्या बाईंची साक्ष

त्या शाळेत सोमवारची सुरुवात साक्षीने व्हायची. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. मिशनच्या शाळेचा रिवाज असा, की दर सोमवारी प्रार्थनेनंतर एका शिक्षकाने मंचावर उभं राहायचं आणि आपण पूर्वी कसे वाया गेलो होतो नि देवाने हात धरून आपल्याला कसं वर काढलं, ते पोरांना सांगायचं. खेळाचे सर दारू सुटल्याची गोष्ट सांगत, आणि दरवर्षी तिच्यातल्या बाटल्या वाढत. संगीताच्या बाईंना आजारपणात दर्शन झालं होतं. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधत बसायची, पण ऐकायची.

गणिताच्या बाईंवर मात्र अजून पाळी आली नव्हती. बाई परक्या मुलखातून आलेल्या, सावळ्या. त्यांचं नाव घेताना अख्ख्या स्टाफरूमची जीभ अडखळायची. अशी बाई ख्रिस्ती असली तर नवी कोरीच, नुकती धर्म बदललेली असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाईंचे पणजोबा चर्चचे पाळक होते, सासूबाई पाळकाच्या लेक होत्या. पण हे कुणी विचारलं नाही, आणि बाईंनीही दवंडी पिटली नाही.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी एके दिवशी गणिताच्या बाईंना बोलावून घेतलं.

"पुढच्या सोमवारी देणगीदार पाहुणे येताहेत. साक्ष तुम्ही द्यायची," मोठ्या बाई म्हणाल्या. "मूर्तींच्या अंधारातून तुम्ही इथवर आलात. घरच्यांचा विरोध, शेजाऱ्यांचा छळ, सगळं येऊ द्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"पण मी जन्मापासूनच ख्रिस्ती आहे."

"हो का?" मोठ्या बाई क्षणभर गडबडल्या, मग हसल्या. "असू दे. आजूबाजूला तर तोच अंधार होता ना? त्यातलं थोडं घ्या. आणि हो, तुम्हाला कायम करायचं की नाही, त्यावर लगेच दुसऱ्या दिवशी, मंगळवारी बसतोय आम्ही."

मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. शाळेचं छत गळत होतं, आणि ते पाहुण्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यावरच दुरुस्त होणार होतं. पण बाईंचा करार या सत्राअखेर संपत होता. त्या देशात राहायची परवानगी, याच शाळेत शिकणाऱ्या लेकीची माफ झालेली फी, सगळा डोलारा त्या एका नोकरीवर उभा होता.

घरी नवरा बटाटे सोलत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. सांग आणि मोकळी हो. आपण काय हरिश्चंद्र लागून गेलोय का?"

सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांग की गं. तुझ्या माहेरच्या शेजारच्या काकूंनी तुला छळलं, असंच सांग. मी त्यांना फोन लावून ठेवते, त्याही ऐकतील."

"आई, टोमणे पुरेत," नवरा म्हणाला. सुरी खाली ठेवून तो हळू आवाजात बोलला, "परत जावं लागलं तर पोरीचं काय? आत्ता कुठे तिला मैत्रिणी मिळाल्यात."

सासूबाईंनी हातातली घडी मोडून पुन्हा घातली. त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. सगळा आठवडा त्या फळ्यावर सोप्या बेरजा चुकवत राहिल्या, आणि पोरं त्या दुरुस्त करत राहिली.

सोमवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत इस्त्रीचे कोट घातलेले पाहुणे, मागे पोरं, भिंतीला टेकून शिक्षक. बाई मंचावर चढल्या. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा राग जास्त येत होता.

"मला माझ्या अंधाराबद्दल सांगायला उभं केलंय," बाई म्हणाल्या. "मी आठवडाभर तो शोधला. सापडला नाही. आमच्या घरात चार पिढ्या हीच प्रार्थना चालते. मी लहान असताना माझी आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. तेव्हा दर रविवारी शेजारच्या काकू माझी वेणी घालायच्या. स्वतःच्या देवाची पूजा उरकून मला चर्चपर्यंत घेऊन यायच्या आणि उपासना संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायच्या. स्वतः आत कधी आल्या नाहीत, पण मला आत पाठवायला कधी विसरल्या नाहीत. मी आज प्रभूला ओळखते, त्यात त्या पायरीवर बसलेल्या बाईचा वाटा आहे. तिला अंधार म्हण, असं मला सांगितलंय. मी म्हणणार नाही. एवढीच माझी साक्ष."

एका पाहुण्याने टाळी वाजवायला हात उचलले, आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा मांडीवर ठेवले. खेळाचे सर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

तास सुरू व्हायच्या आधीच ऑफिसातून बोलावणं आलं. मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझी मान खाली घातलीत तुम्ही."

"खोटं सांगितलं असतं तर माझी खाली गेली असती."

"हे पाहा," मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "पाहुणे उद्या सकाळपर्यंत आहेत. नाश्त्याच्या वेळी दोन शब्द बोला. घाबरल्यामुळे नीट सांगता आलं नाही म्हणा. मी सगळं सावरून घेते."

"मी घाबरले होते हे खरंच आहे. पण नीट सांगता आलं."

"मग तुम्हाला ठेवणं मला जमणार नाही. मुलीचा तरी विचार करा."

लेकीचं नाव निघालं तसं बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. पाहुण्यांना हवं होतं तेच पाणी, फक्त चुकीच्या खोलीत आलं होतं.

"तिचाच करतेय," त्या म्हणाल्या. "ती मागच्या रांगेत बसून ऐकत होती. काढायचं तर काढा, मी हातापाया पडणार नाही. माझं एवढंच मागणं आहे, की मी का गेले ते पोरांना कळू द्या. पुढच्या सोमवारी तुम्ही मंचावर उभ्या राहा, आणि या बाई खोटं बोलायला तयार नव्हत्या म्हणून आम्ही त्यांना काढलं, असं स्वतःच्या तोंडाने सांगा."

बाहेर तासाची घंटा झाली. बाई उठल्या, खुर्ची जागेवर सारली आणि दारात थांबल्या.

"सत्र संपेपर्यंत दर सोमवारी मी पहिल्या रांगेत बसेन," त्या म्हणाल्या. "तुमच्या साक्षीची वाट बघत."