ताईच्या राउटरची नक्कल

धाकटीला लहानपणापासून एकच खोड. ताई करेल तसंच करायचं. वेणी ताईसारखी, अक्षर ताईसारखं आणि आता चष्म्याचं दुकानही ताईसारखंच! फरक इतकाच, की काचा घासायचं यंत्र मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, ताईच्याच दुकानात होतं.

"संध्याकाळपर्यंत तुझं दुकान माझ्याशी जोडलं गेलं तर ठीक," ताईने फोनवर बजावलं, "नाहीतर कुलूप लाव आणि मुकाट्याने माझ्याकडे येऊन बस. गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर नि पत्ते असे उघड्यावरून पाठवायचे नाहीत."

म्हणणं खोटं नव्हतं हो. दोन्ही दुकानांच्या राउटरमध्ये, इंटरनेटच्या भर रस्त्यातून, फक्त त्या दोघींपुरता बंद बोगदा काढायचा होता. पण इतकी वर्षं ताईच्याच दुकानात बसलेल्या धाकटीला पुन्हा तिच्या शेजारी बसायचं नव्हतं. तिला स्वतःचं दुकान हवं होतं, अगदी मनापासून.

मग काय, तिने ताईच्या राउटरच्या सेटिंगच्या पानांचे फोटो मागवले आणि एकेक रकाना हुबेहूब उतरवला. बोगद्याचा परवलीचा शब्द दोन्हीकडे तोच. तो तसाच लागतो, तिथे बाई चुकली नाही. बोगदा जुळल्याचा हिरवा दिवा लागला.

"ताई, लागला! आता तुझ्या प्रिंटरवर पहिली ऑर्डर पाठवते."

खर्र खर्र... कागद धाकटीच्याच प्रिंटरमधून बाहेर आला.

"माझ्याकडे काही आलं नाही," ताई म्हणाली. "आवर आता पसारा."

धाकटीने पुन्हा पाठवली. पुन्हा आपलाच प्रिंटर! तिला रडूच कोसळणार होतं, पण कागदावर छापलेला प्रिंटरचा पत्ता वाचला नि ती थबकली. अगं बाई! दुकानातल्या यंत्रांचे आतले पत्तेसुद्धा आपण ताईचेच उतरवले की! दोन्ही प्रिंटरना एकच घर नंबर. मग राउटर बिचारा कशाला बोगद्यात शिरतोय?

तिने आपल्याकडचे सगळे पत्ते बदलले. बदलताच राउटरचं पान गायब झालं, पण नवा पत्ता टाकल्यावर ते निमूट परत आलं.

"ताई, तुझ्या राउटरमध्येही माझे नवे पत्ते टाकावे लागतील. मी सांगते तसं लिही."

"तू मला सांगणार?"

"हो. लिही."

आणि ताईने चक्क लिहिलं!

ऑर्डर पुन्हा निघाली. या वेळी खर्र खर्र फोनमधून ऐकू आलं. धाकटीने एकटीनेच उडी मारली.

"ताई? नीट छापलंय ना?"

"छापलंय गं. छान छापलंय." ताईने नाक ओढलं. "इथल्या तुझ्या खुर्चीवर सकाळीच नवी गादी घालून ठेवली होती मी. आता तिकडेच पाठवून देते."