खांद्यावरची चार बोटं

अनुसया गेली हे धुडकूला कळलं तेव्हा तो उधन्याच्या कापड कारखान्यात लूमवर उभा होता. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. सोबतचा कामगार भटू याने दारातून हात हलवला. धुडकूला वाटलं, चहा आला. त्याने दोन बोटं जवळ आणून खूण केली, अर्धाच. भटूने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि दवाखान्यातून फोन आल्याचं सांगितलं. बायको गेली त्या घडीला आपण अर्धा चहा मागत होतो, हे धुडकू पुढे स्वतःच लोकांना सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी.

सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, हार घालायला फोटो हवा होता. अनुसया फोटोला उभीच राहायची नाही. सापडला तो एकच, पुतण्याच्या लग्नातला. त्यात धुडकू आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखा ताठ, हात तिच्या खांद्यावर. ती मात्र त्याच्याकडे कलून हसत होती, कारण त्याच्या शर्टाचं बटण उघडं होतं आणि ती तेच सांगत होती.

हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही. म्हणून मुलगी हर्षदा त्याला स्टुडिओत घेऊन गेली.

"काका, टेन्शन ना लो," गुजराती स्टुडिओवाला म्हणाला. "तुम्हाला पुसतो. रिकामी जागा एआय भरी देशे."

त्याने पुसलं. एआयने जागा भरली. तिथे दाट केसांचा, कोट घातलेला एक गृहस्थ आला.

"हा कोण?" हर्षदाने विचारलं.

"बेन कललेल्या आहेत ना. मशीनला वाटतं, बाजूला कुणीतरी पाहिजेच."

"माझ्यापेक्षा बरा आहे," धुडकू म्हणाला. "बटणंही लावलीत. पण नको, नातेवाईक विचारतील. झाड घाल."

कुंडीतलं झाड आलं. धुडकूच्या जागी ते शोभतही होतं. तेही काही बोलत नव्हतं.

गंधमुक्तीच्या दिवशी त्याची थोरली बहीण भागीरथी चंदनाचा हार घेऊन फोटोपुढे गेली आणि थबकली. अनुसयाच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती.

"धुडकू! हाऊ जित्ता माणूसना हात शे. त्याले हार घालशी का?"

"चारच बोटं शेतस, आक्का. तेवढामा काय मरस मी?"

"मस्करी नको करू. पुसीसन लई ये."

त्या दिवशी फोटोपुढे पाटावर फुलं ठेवून वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी धुडकू एकटाच स्टुडिओत गेला. बोटं लगेच गेली. खांदा कोरा, पदर नीट. अनुसया आता कुंडीकडे कलून हसत होती. धुडकू बघत राहिला. नकळत त्याचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. वरचं बटण उघडं होतं. त्याने ते लावलं.

"बोटं परत आण," तो म्हणाला.

"काका, लोको शुं कहेशे?"

"म्हणू देत, झाडाला बोटं फुटली."

फोटो आता धुडकूच्या कोसाडच्या राहत्या खोलीत भिंतीवर आहे, बोटांसकट. चंदनाचा हार शेजारच्या खिळ्याला पिशवीतच टांगलेला आहे. भागीरथीचा फोन आला की ती आधी हाराचंच विचारते. हार अजून घालायचा राहिला आहे.