रोही मारायची परवानगी

कोपरांवर सरकत गोटीराम बांधाच्या टोकाशी आला आणि बोरीच्या झुडपाआड थांबला. वारा समोरून येत होता. हरभऱ्यात रोही उभा होता. नीलगाईचा मोठा नर, निळसर करड्या अंगाचा, गळ्याखाली केसांचा झुबका. मान खाली घालून तो घाटे ओरबाडत होता आणि मध्येच मान वर करून कान फिरवत होता. त्यानं मान वर केली की गोटीराम श्वास धरायचा, खाली घातली की वीतभर पुढं सरकायचा. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

हरभरा चंदरचा होता. रोह्याच्या मागं, कांद्याच्या वाफ्यात चंदर स्वतःच उभा होता. पहाटे वीज आली होती आणि फावडं घेऊन तो पाणी भरत होता.

गोटीरामनं रायफलीचा दस्ता खांद्याला लावला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी रोह्याच्या फऱ्यावर, खांद्याच्या जाड भागावर, आणून ठेवली. मग ती सावकाश उचलली, हरभऱ्यावरून, पाटावरून पुढं नेली आणि चंदरच्या मळकट स्वेटरवर थांबवली.

चंदरनं पाहिलं. तो पळाला नाही, ओरडलाही नाही. फावडं हातात तसंच राहिलं. पायाशी वाफा भरला, काठ फुटला, पाणी वाट सापडेल तिकडं धावायला लागलं, तरी त्यानं खाली बघितलं नाही. गोटीराम त्याच्याकडे बघत राहिला. बोट चापाच्या बाहेर होतं, पण तेवढं लांबून चंदरला कुठं दिसणार होतं?

रोह्याला कसली तरी चाहूल लागली. धप्पधप्प उड्या घेत तो ओढ्याकडे निघून गेला. गोटीराम उठला, कोपरं झटकली, रायफल खांद्याला अडकवली आणि घरी जायला दुसरी वाट असताना चंदरच्या अगदी जवळून गेला.

“रोही होता,” तो म्हणाला.

“दिसला,” चंदर म्हणाला.

त्या हिवाळ्यात दोघांचं बोलणं होई ते एवढंच.

एरवी चंदर बोलघेवडा माणूस. भावकीतला, गोटीरामहून धाकटा. दोघांची विहीर सामाईक. गोटीराम सीमेवर होता तेव्हा त्याच्या शेखरला त्या विहिरीत पोहायला शिकवलं ते चंदरनं. कमरेला दोर बांधून, वरून शिव्या देत देत. सुट्टीवर आलेल्या बापापुढं पोरानं पहिली उडी मारली, तेव्हा काठावर चंदरच जास्त नाचला होता.

शेखर पुढं सिन्नरच्या एका कारखान्यात लागला. दुपारच्या पाळीहून परत यायला त्याला रात्र व्हायची. पावसाळा संपता संपता रस्त्यावर खडी टाकली होती, म्हणून त्या रात्री त्यानं गाडी फाट्यावर ठेवली आणि लहानपणापासून पायाखालच्या बांधानं तो घराकडे निघाला. चंदरनं मक्याभोवती तार ओढली होती आणि खांबावर आकडा टाकून तिच्यात करंट सोडला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी शेखर बांधावर सापडला. डब्याची पिशवी खांद्यालाच होती.

पोलीस आले. चंदर काही दिवस आत राहून जामिनावर सुटला. केस चालू राहिली, म्हणजे तारखा पडत राहिल्या. दहाव्याला भावकी जमली, तेव्हा एक म्हातारा हळहळत म्हणाला,

“चंदरला तरी काय बोलायचं? पोरावानी जीव होता त्याचा. या रोह्यांनी घात केला बघा.”

दोघाचौघांनी माना हलवल्या. चंदरला वाईट बोलणं कुणालाच नको होतं. गावात राहायचं होतं सगळ्यांना. गोटीरामनं मान वर केली. डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

“मग रोहीच मारले पाहिजेत,” तो म्हणाला.

लोकांना वाटलं, दुःखात बोलतोय. पण तो खरंच वनखात्याच्या कचेरीत गेला. पिकाची नासाडी करणारा रोही मारायला परवानगी मिळते. तिच्या अर्जावर आसपासच्या शेतकऱ्यांच्या सह्या लागत होत्या. चंदरची सही घ्यायला गोटीराम स्वतः त्याच्या ओट्यावर गेला. चंदरनं कागद न वाचताच सही केली. सही करताना पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

तेव्हापासून गोटीराम रोज फटफटलं की रायफल घेऊन बाहेर पडायचा. रोही सगळ्यांच्याच रानात शिरत होते, पण तो माग काढायचा तो चंदरच्या बांधानं. पारावर लोक म्हणायचे, फौजेत नेमबाजीची पदकं मिळवली म्हणतात, मग एवढ्या दिवसांत एकही रोही कसा पडला नाही? नजर गेली असंल. कुणी म्हणे, हात कापत असंल. हात कापत नव्हता. गोटीरामला कधी नव्हे ती शांत झोप लागत होती. सकाळ झाली की त्याला चंदरचा चेहरा बघायचा असे.

एका दुपारी चंदरची बायको लताबाई आली. गोटीराम आतल्या खोलीत आडवा झाला होता. भागुबाई, त्याची बायको, पडवीत कांदे निवडत बसली होती. लताबाई उंबऱ्याशीच टेकली. कुणी बस म्हटलं नाही, पण भागुबाईनं तांब्या पुढं सरकवला.

“आक्का, नानांना सांगा ना जरा.”

“काय सांगू?”

“हे जेवत नायत. रातचे उठून बसत्यात. सकाळी पाण्यावर जाताना पोरींच्या तोंडावरून हात फिरवून जात्यात. रोज.” तिनं पदर तोंडाला लावला. “रोज जात्यात आक्का. म्हणलं, दुसरा माणूस लावू पाण्याला, तर नाय म्हणत्यात. म्हणत्यात, नाना येतील, मी तिथं पाहिजे.”

भागुबाईनं सडका कांदा बाजूला फेकला.

“ते रोही मारायला जात्यात. परवानगी हाय त्यांना.”

“एकबी रोही मेला नाय अजून.”

“मरंल,” भागुबाई म्हणाली.

लताबाई पाणी न पिताच उठून गेली. आत गोटीराम डोळे उघडे ठेवून वाशांकडे बघत पडला होता. बायको काही बोलेल म्हणून त्यानं वाट पाहिली. शेखर गेल्यापासून ती रडली होती ती पहिले दोन दिवस. नंतर तिनं तो विषयच कधी काढला नव्हता. आताही बाहेरून फक्त कांद्याच्या टरफलांचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो अंगणातून बाहेर पडला, तर वाटेवर चंदर उभा. फावडं नव्हतं. डोक्याला मफलर गुंडाळलेला, हात रिकामे.

“नाना, ओढ्याच्या वळणावर बसतो तो मोठा नर,” तो म्हणाला. “माग बघून आलोय. मी दाखवतो, चला.”

चंदर वळला आणि चालायला लागला.

चंदर पुढं, गोटीराम मागं. गव्हाच्या कडेनं, मग पडीक रानातून, मग ओढ्याच्या घळीत. दव इतकं होतं की दोघांचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजले. चंदरनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. वाळकी काटकी दिसली की हात मागं करून खुणावायचा. बोरीची फांदी आली की ती धरून ठेवायचा, गोटीराम पुढं गेला की सोडायचा. मफलर सरकला होता आणि मानेचा पांढरट पट्टा उघडा पडला होता. गोटीरामच्या डोळ्यांपुढं दुसरं काहीच नव्हतं. त्यानं रायफल खांद्यावरून हातात घेतली. बोल्टचा आवाज झाला. चंदरची पाठ क्षणभर ताठरली. मग तो पुन्हा चालायला लागला, जरा सावकाश.

वळणाजवळ चंदर पोटावर झोपला. गोटीराम त्याच्या शेजारी आला. शेखर गेल्यापासून दोघं एवढे जवळ कधी आले नव्हते. चंदरच्या अंगाला तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. समोर, हाकेच्या अंतरावर, करंजाच्या झाडाखाली रोही उभा होता. तोंडातून वाफा निघत होत्या. ऊन अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

“नाना,” चंदर कुजबुजला. “आज सोडू नका.”

गोटीरामनं दस्ता खांद्याला लावला. माशी फऱ्यावर आणली. चंदर शेजारून सरकला, कोपरांवर रांगत पुढं गेला आणि नळीच्या डाव्या अंगाला, अगदी समोरच म्हणावं असा, थांबला. हात कानांवर घेतले. डोळे मिटले.

तो रोह्याकडे बघतच नव्हता. आवाज होणार हे त्याला ठाऊक होतं आणि तो कुणासाठी होणार हे त्यानं घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं. चेहऱ्यावर भीती नव्हती. दिवसभर ओझं वाहिलेला माणूस ते कुठं ठेवायचं हे विचारतो, तसा तो चेहरा होता.

नळी जरा डावीकडे वळवायची होती. बस्स.

हा सुटायला आलाय, गोटीरामला वाटलं. एवढे दिवस जे मरण याला पुरवून पुरवून दिलं, ते एकदम मागून घ्यायला आलाय. पोरगं रात्रभर बांधावर पडून होतं आणि ह्याला एका क्षणात मोकळं व्हायचंय.

त्यानं चाप ओढला.

आवाज ओढ्याच्या दोन्ही काठांवर आपटून परत आला. टिटव्या ओरडत उठल्या. रोही जागच्या जागी गुडघ्यांवर बसला, मान लांब करून एकदा उठायला बघितलं आणि कुशीवर कलंडला.

चंदरनं डोळे उघडायला वेळ लावला. आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग छातीकडे, मग समोर. रोह्याचे मागचे पाय थोडा वेळ हलले आणि थांबले. चंदरच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. तो मातीत कपाळ टेकून रडायला लागला.

“झालं,” तो म्हणत होता. “नाना, झालं. फिटलं.”

गोटीराम उभा राहिला. बोल्ट मागं ओढला. रिकामं काडतूस गवतात पडलं. त्यानं खिशातून दुसरं काढून भरलं.

“उद्या दुसरा बघू,” तो म्हणाला. “पाण्यावर असशील ना तू?”

चंदरचं रडणं थांबलं. त्यानं मातीनं माखलेलं तोंड वर केलं आणि गोटीरामकडे बघितलं. तोच तो चेहरा, वाफ्यातला. गोटीरामनं तो नीट बघून घेतला.

वनखात्याच्या माणसांना फोन करून तो घराकडे निघाला. वाटेत दोन-तीन जण भेटले. आवाज ऐकून आले होते.

“पाडला का नाना? शाबास! पोराचा बदला घेतला.”

तो मान हलवत पुढं गेला. पण रोह्याचा तो लांब केलेला गळा डोळ्यांपुढून जात नव्हता. त्या जनावरानं त्याचं काय वाकडं केलं होतं? आणि नेम चुकला नाही याचं जे बरं वाटायला हवं, ते आत कुठंच सापडत नव्हतं. चंदर जिवंत आहे, उद्याही असेल, हे आपणच ठरवलं, असं तो स्वतःला सांगत होता. चंदर समोर होता तोवर ते खरं वाटलं होतं. अंगणापर्यंत येता येता तेवढं खरं वाटेना.

भागुबाई पडवीत उभी होती. अंघोळ झालेली, अंगावर धुवट लुगडं, डोक्यावरून पदर. असं आवरून ती फक्त परगावी जाताना उभी राहायची. तिच्या पायाशी शेखरची कारखान्यात न्यायची बॅग होती, फुगलेली. चेन अर्धीच लागत होती. आत गोटीरामचे दोन जोड कपडे दिसत होते, टॉवेल, दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं, वर घडी घालून ठेवलेला जाड फौजी स्वेटर. स्वेटरवर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

गोटीराम बॅगेकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. रोज सकाळी परत आल्यावर ती न्याहारीला भाकरी द्यायची, ती कधी तव्यावरची नसायची. फडकं सोडून द्यायची. पोलीस त्याला न्यायला येतील त्या दिवसासाठी ही बॅग रोजच भरलेली असायची.

“कुणाला लागली?” भागुबाईनं विचारलं.

“रोह्याला.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरं काही यायचंय का, याची वाट बघितल्यासारखी. मग खाली बसली, फडक्याची गाठ सोडली, भाकरी ताटलीत काढल्या, कडेला मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताटली त्याच्यापुढं सरकवली.

गोटीराम भिंतीला टेकून बसला. भिजलेले कपडे अंगाला चिकटले होते. एकाएकी त्याला हुडहुडी भरली. रायफल त्यानं मांडीवरून खाली ठेवली.

“थंडी वाजतीय,” तो म्हणाला. “तो स्वेटर दे बरं जरा.”

भागुबाईनं बॅगेची चेन ओढून लावली. बॅग उचलली आणि आत नेऊन दाराच्या मागं ठेवली.

“खुंटीवरचा घाला,” ती आतून म्हणाली. “तो असू द्या तिथंच.”