मिशाळरावांचा मृत्यूचा दाखला

जिन्यातच भाऊसाहेबांना चपलांचा ढीग लागला. पहिल्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत माणसं उभी, आणि सगळ्यांची तोंडं त्यांच्याच दाराकडे. घरापुढे एवढी गर्दी बहुधा एकाच कारणानं जमते, हे मृत्युनोंदणीच्या खिडकीमागे बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगायला नको. घरात बायको होती, थोरली ताई होती, आणि ताईला साखरेचा आजार होता.

ताई धडधाकट निघाली. ती फिशटँकपाशी हात जोडून उभी होती. शेजारी, महिन्यापूर्वी तळमजल्यावर राहायला आलेले स्पर्शमहाराज काचेवर तळवा टेकून, डोळे मिटून उभे होते. आत मिशाळराव मजेत वाळू हुंगत होते.

मिशाळराव म्हणजे भाऊसाहेबांचा लोच जातीचा मासा. केशरी अंग, काळे पट्टे, तोंडाशी मिशा, आणि मुक्काम कायम टाकीच्या तळाशी. सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला दिसला होता. भाऊसाहेबांनी शर्टाची बटणं लावत लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला, "गेला. संध्याकाळी काढतो."

"गेलेला परत आला रे," ताई आता डोळे पुसत म्हणाली. "मला राहवेना, म्हणून यांना वर बोलावलं. यांनी नुसता काचेला हात लावला, अन् उठला की."

अशा वेळी शहाण्यानं गप्प बसावं. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. "असं कसं होईल?" भाऊसाहेब बोलून गेले. "मी तर नोंदसुद्धा केली."

आणि त्यांनी खिशातून कागद काढला. दुपारी खिडकीवर कोणी नव्हतं, तेव्हा सहकाऱ्यांना हसवायला त्यांनी एका कोऱ्या दाखल्यावर गंमत केली होती. नाव मिशाळराव, वडिलांचे नाव अज्ञात, व्यवसाय तळसफाई, मृत्यूचे कारण अचानक. खाली सही ठोकली, आणि सवयीनं हात शिक्क्याकडे गेला तो शिक्काही उमटला.

महाराजांनी डोळे उघडले, कागद घेतला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीला ऐकू जाईल असा वाचला. "मंडळी, सरकार म्हणतं गेला. हा तर पोहतोय. आमच्यावर विश्वास ठेवू नका, शिक्क्यावर ठेवा." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तशा भाऊसाहेबांनी त्या आपल्या हातानं दिल्या होत्या, वर सहीनिशी.

दुसऱ्या दिवशी दाखला चौकटीत बसून तळमजल्यावरच्या भिंतीवर चढला. त्याखाली काचेच्या टाकीत रोज सकाळी एक पट्टेवाला मासा "मरायचा" आणि महाराजांच्या स्पर्शानं उठायचा. "प्राण जात नसतो, बायांनो," महाराज सांगायचे, "प्राण रुसतो. गुडघा रुसतो, मूत्रपिंड रुसतं, साखरही रुसते. रुसलेल्याला सुया टोचून कधी कोणी हसलंय का?" लोक माना डोलवत आणि टाकीतलं पाणी बाटल्यांतून घरी नेत.

पाचव्या दिवशी भाऊसाहेबांना फ्रीजमध्ये इन्शुलिनची बाटली जशीच्या तशी दिसली.

"ताई, इंजेक्शन?"

"सोडलं. महाराजांचं पाणी घेते सकाळ-संध्याकाळ."

"अगं, माशाच्या टाकीतलं पाणी ते. वेड लागलंय का तुला?"

"मेलेला मासा उठला, माझ्या साखरेचं काय घेऊन बसलास? आणि खोटं असतं तर तू शिक्का मारला असतास?"

भाऊसाहेबांनी फ्रीज बंद केला. आपलेच दात अन् आपलेच ओठ. गंमत केली म्हणावं, तर सरकारी शिक्क्याशी खेळ केल्याचं साहेबांच्या कानावर जाणार. त्यांनी चार दिवस तोंड शिवून काढले. तोवर ताईची जीभ कोरडी पडायला लागली, ती दहादा पाणी प्यायला उठायची, आणि नवव्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली. तरी दवाखान्यात यायला तयार नाही. भाऊसाहेब फार घाबरले.

"अहो," बायको म्हणाली, "तुमच्या खिडकीवर डॉक्टरच्या कागदाशिवाय नोंद होते?"

"छे. परवा एकाला तीनदा परत पाठवला."

"मग मिशाळरावांना कोणी तपासलं होतं?"

भाऊसाहेबांनी सदरा चढवला. बावीस वर्षं दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारून त्यांनी जीव नकोसा केला होता. ते तडक मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले.

दुकानदार पोट धरून हसला. "हा असाच झोपतो, साहेब, कुशीवर. लोक घाबरून परत घेऊन येतात. तुम्हाला घेतानाच सांगत होतो, तर म्हणालात, मला माशांतलं शिकवू नकोस. कल्ले हलत होते का?"

"लांबनं पाहिलं."

"घ्या. आणि तुमच्या खालच्या महाराजांचा माणूस येऊन सहा घेऊन गेला. मी म्हटलं, गोल्डफिश न्या, शोभून दिसतील. तर म्हणाला, नको, आडवे पडणारेच दे."

उरलेलं कोडं घरीच सुटलं. ताई मिशाळरावांना खायला घालताना काचेवर दोन टिचक्या मारायची. महाराजांच्या हातात चार अंगठ्या होत्या. तळवा टेकला की काच वाजायची आणि मासा जेवायला उठायचा. खालच्या माशांनाही महाराजांनी तीच सवय लावली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब ताईला हाताला धरून तळमजल्यावर घेऊन गेले. मासा आडवा पडला होता. महाराज बाह्या सावरत उठले, तोच भाऊसाहेब पुढे झाले.

"आज मी उठवतो," ते म्हणाले.

"तुम्ही?" महाराज हसले. "तपश्चर्या लागते, भाऊसाहेब."

"माझ्याकडे गोळी आहे." त्यांनी तळाला बुडणारी खाण्याची एक गोळी पाण्यात सोडली. गोळी वाळूवर टेकली. मासा सरळ झाला, मिशा हलवत गेला आणि खायला लागला. दुसऱ्या माशालाही तसंच आडवं पडू दिलं, तोही गोळीला उठला. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"आणि तो दाखला," भाऊसाहेबांनी भिंतीकडे बोट केलं, "मी थट्टेत लिहिला. मासा न तपासता. शिक्का खरा आहे, मजकूर खोटा. मूर्खपणा सगळा माझा. माझ्या साहेबांना खुशाल सांगा. पण उद्या कोणी मेलेला उठवला म्हणाला, तर एवढंच विचारा, मेला हे कोणी तपासलं? आणि औषध सोडा म्हणाला, तर तिथून उठा."

महाराज म्हणाले की आज वातावरण दूषित झालं आहे, आणि आतल्या खोलीत गेले. लोक मोठ्यानं हसत होते, बरेचसे भाऊसाहेबांनाच. ताई मात्र हसली नाही.

"थट्टेत लिहिलंस," ती म्हणाली. "आणि मी नऊ दिवस सुई सोडली. पाच दिवसांपूर्वी बोलायला काय झालं होतं?"

"नोकरीला घाबरलो."

ताईनं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाली, "रिक्षा बोलाव."

दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि चष्मा काढला. "दोन-तीन दिवस आणखी गेले असते तर बेशुद्धावस्थेत आणलं असतं यांना. इन्शुलिन बंद करायला कोणी सांगितलं?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे माझ्यामुळेच."

"त्याचं ऐकू नका," ताई म्हणाली. "त्यानं मूर्खपणा केला, तो त्याचा. पण मला तोंड होतं, डोळे होते, आणि तुमचा दवाखाना दहा मिनिटांवर होता. कोणालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही." तिनं बाही वर सारली आणि हात पुढे केला.