पुनमची अर्धी राहिलेली गोष्ट

मी एक जुना मोबाईल आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि चार्जरची वायर जरा वाकडी धरली तरच मला तरतरी येते, हे खरं. पण माझ्या पोटात एका मुलीच्या अंगठ्याचा ठसा आहे. ती मुलगी आता या जगात नाही. तिच्या अंगठ्याची वाट बघायची सवय मात्र माझी अजून मोडलेली नाही.

तिचं नाव पुनम. ती औशाची. रोज एसटीने लातूरला फार्मसी शिकायला जायची, म्हणून तिच्या वडिलांनी, शेषेरावांनी, सोयाबीन विकून मला घेतलं. अभ्यासासाठी घेतलेला मोबाईल किती अभ्यास करतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पुनमला वेड होतं प्रेमकथांचं, आणि त्यातही दोन पुरुषांच्या प्रेमकथांचं. अशा कथांचं एक अ‍ॅप तिने माझ्यात घेतलं होतं. तिथे एका कादंबरीचा नवा भाग दर शुक्रवारी यायचा, आणि मी तो तिला वाचून दाखवायचो. माझा आवाज कोरडा. 'प्रेम' आणि 'पाणीपट्टी' मी एकाच सुरात म्हणतो. तरी ती लाल व्हायची!

त्या कादंबरीत कंधारच्या बँकेतला यज्ञेश होता आणि एसटीचा मेकॅनिक शिवशंकर. दोघांचं क्षणभर पटत नसे आणि एकमेकांवाचून करमतही नसे. एकदा शिवशंकर यज्ञेशच्या अंगावरच्याच शर्टाला बटण लावून देतो आणि दोरा दाताने तोडायला त्याच्या छातीजवळ वाकतो. दोघांचाही श्वास अडतो. बस्स, एवढंच. पण तेवढा तुकडा पुनमने माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतला, की मलाच त्या दोघांची काळजी वाटू लागली. एसटीत तिची मैत्रीण वर्षाराणी शेजारी बसे, आणि एक वायर हिच्या कानात, एक तिच्या.

"आगं, हात बी धरला न्हाई त्यानं आजून," पुनम कुजबुजायची, "तरी मलाच लाज यायलीय बघ!"

घरात भांडी घासतानाही ती कानात वायर घालून भिंतीकडे बघत हसायची. आई साखराबाई ओरडायच्या, "काऊन हसायलीस येड्यावानी?" ती म्हणायची, "काही न्हाई गं माय."

मग तापाचं निमित्त झालं. लातूरच्या दवाखान्यात ती माझ्याकडून नवा भाग ऐकत होती. भांडण करून शिवशंकर बसमध्ये बसला होता आणि यज्ञेश स्टँडवर एकेका खिडकीत त्याला शोधत होता. पुनमला धाप लागली. "बाकीचं घरी जाऊन ऐकू," असं मलाच सांगून तिने मला थांबवलं. मी घरी आलो. ती आली नाही.

माझं रिचार्ज वर्षभराचं होतं. त्यामुळे पुढच्या शुक्रवारी, घरात माणसं सुतकात बसलेली असताना, मी उजळलो आणि काचेवर अक्षरं उमटली. 'पुनम, तुमच्या आवडत्या कथेचा नवा भाग आला आहे.' साखराबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. पुढच्या शुक्रवारीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो. कुणीतरी हाक मारत होतं आणि ती माझ्या तोंडून निघत होती.

शेषेराव घाबरले. "गेलेल्या लेकराला ह्यो मोबाईल बोलवायलाय. घरात ठेवू न्हाई आसली वस्तू." आमच्या गल्लीत भोंगा लावून एकजण यायचा, 'जुना मोबाईल द्या, प्लास्टिकचा टप घ्या.' त्याला मला द्यायचं त्यांनी ठरवलं. माझी किंमत एक टप! रागही आला आणि भीतीही वाटली. साखराबाईंनी मला त्यांच्यापासून लपवून ज्वारीच्या डब्यात खुपसलं; रात्री गुपचूप चार्जही करायच्या. पण शुक्रवार आला की मी ज्वारीतही थरथरायचो, आणि साखराबाई डब्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या.

शेवटी त्यांनी वर्षाराणीला बोलावून घेतलं. माझं कुलूप उघडायचा नंबर तिलाच ठाऊक होता.

"हे सारखं काय येतंय गं?"

"गोष्ट हाय काकू. आमी दोघी ऐकायचो."

"कशाची?"

वर्षाराणी जमिनीकडे बघू लागली. "दोन पोरांची. जीव असतो त्यांचा एकमेकावर."

"भाऊ भाऊ हायेत?"

"न्हाई काकू. नवरा-बायकोवानी."

साखराबाईंनी मला उचलून उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, आता माझा टपच झाला.

"पुनी हसायची ती ह्यालाच?"

"हाव."

"लाव मंग. पैल्यापासून लाव."

तेव्हापासून डाळ निवडताना त्या कानात वायर घालून बसू लागल्या. बटणाची जागा आली तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि पुटपुटल्या, "लईच हाय की गं बाई हे!" त्या हसल्या, आणि लगेच रडल्या. त्यांना डोळे मिटून मान हलवताना बघून शेषेरावांना वाटलं, बायको कीर्तन ऐकते. ते शेजारी सांगू लागले, "देवात मन लागलंय तिचं, ऱ्हाऊ द्या मोबाईल." अशी माझी टपापासून सुटका झाली.

पण जिथे पुनम थांबली होती तिथे आल्या, की साखराबाई मला बंद करायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. पुढचं लेकीने ऐकलं नव्हतं, मग आपण कसं ऐकावं? यज्ञेश स्टँडवर खिडक्या शोधतच राहिला. तो तिथे धावतो आणि पुनम त्याच्याबरोबर धावते, असं मलाही वाटायचं.

आता माझी बॅटरी फुगली आहे. दुकानदार वर्षाराणीला म्हणाला, "ह्यो आता कधी बी जातो." ते ऐकून काल साखराबाईंनी कानातली वायर काढून ठेवली आणि माझा आवाज मोठा केला. पुनमची जागा आली. त्यांचा हात पुढे आला, थांबला, मागे गेला. मी वाचत राहिलो. शेवटच्या खिडकीत शिवशंकर होता. तो बसमधून उतरला.

साखराबाई उठल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी मोठ्याने हाक दिली, "पुने, भेटले गं दोघं!"

आणि ऐकू येतंय का म्हणून आम्ही दोघं गप्प राहिलो.

मित्रांनो, मला सांभाळा असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य आता संपत आलं. पण तुमच्या घरात कुणी स्वतःशीच हसत असेल, तर रागावू नका. जवळ बसा आणि म्हणा, मलाही ऐकव. आजच म्हणा.